'जवळ जा' : क्लोनमध्ये हरवलेला 'नका'



आज आधी पडद्यावर दोन शब्द दाखवतो. 'जवळ जा.' एवढेच. हे शब्द मी बोम्मसंद्र्यात, आमच्या टेस्ट बेंचवर ठेवलेल्या एका मशीनच्या पॅनेलवर वाचले. मशीन चाकणला जायचं होतं. आतला भाग फिरत असताना माणसाने लांब राहावं, म्हणून तो संदेश होता. मूळ संदेश असा : 'जवळ जाऊ नका'.

मशीन पाठवायच्या आधी हे सापडलं, म्हणून आज मी शांतपणे बोलू शकतोय. पण रेपोमधली फाईल अगदी बरोबर होती. माझ्या लॅपटॉपवरची फाईलही बरोबर होती. 'गिट स्टेटस' म्हणत होतं, काहीच बदललेलं नाही. मग 'नका' गेलं कुठे? ते गेलं क्लोन करताना. त्यामुळे आजचा विषय आहे क्लोन करताना ओळींचे शेवट बदलतात ते नेमकं कसं, आणि ते तपासायचं कसं.

ज्यांना बोम्मसंद्रा माहीत नाही त्यांच्यासाठी : बेंगळुरूहून होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की पुढे ही औद्योगिक वसाहत लागते. ऑगस्ट २०२५पासून मेट्रोची पिवळी लाईन इथे येऊन संपते. आमच्या लॅबमध्ये कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, हिंदी सगळं ऐकू येतं. मराठी वाचणारा मात्र त्या दिवशी मी एकटाच होतो. ज्याला मराठी येत नाही त्याच्या दृष्टीने पॅनेलवर देवनागरी अक्षरं दिसत होती, म्हणजे टेस्ट पास. कागदावर टिक झालीसुद्धा होती.

आता जरा मागे जाऊ. ओळ संपली हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

टाइपरायटर आठवा. ओळ संपली की डावीकडचा दांडा ढकलायचा. त्याने दोन कामं व्हायची : गाडी ओळीच्या सुरुवातीला जायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरवर या दोन कामांसाठी दोन वेगळे संकेत होते. गाडी मागे नेणारा 'कॅरेज रिटर्न', म्हणजे सीआर, आणि कागद सरकवणारा 'लाईन फीड', म्हणजे एलएफ. आस्की तक्त्यात सीआरचा क्रमांक १३ आणि एलएफचा १०. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहेत.

१९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. गाडीला परत यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून आधी सीआर पाठवायचा, मग एलएफ, म्हणजे तेवढ्यात गाडी पोचते. पुढे सीपीएम, डॉस आणि विंडोजने ही जोडी तशीच ठेवली. युनिक्सने एकटा एलएफ पुरेसा मानला, आणि लिनक्सही तसंच करतं. यंत्र भंगारात गेलं, पण त्याची सवय आपल्या फाईलमध्ये राहिली.

गिट आलं २००५मध्ये, लिनक्सच्या कामासाठी. विंडोजवाले आणि लिनक्सवाले एकाच रेपोत काम करायला लागल्यावर प्रत्येक ओळ 'बदललेली' दिसायची. म्हणून गिटने मधल्या दुभाष्याचं काम पत्करलं. त्यासाठी सेटिंग आहे 'कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ'. त्याच्या तीन किमती. 'ट्रू' म्हणजे फाईल बाहेर काढताना एलएफचं सीआरएलएफ करा आणि आत घेताना उलट. 'इनपुट' म्हणजे आत घेताना सीआर काढा, बाहेर काढताना हात लावू नका. 'फॉल्स' म्हणजे या सेटिंगपुरतं तरी काहीच करू नका. विंडोजवर गिट बसवताना इन्स्टॉलर हा प्रश्न विचारतो, आणि आधीपासून निवडलेलं उत्तर 'ट्रू'च्या बाजूचं असतं. बहुतेक जण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातात.

हे सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर राहतं. म्हणजे तुमचा क्लोन आणि माझा क्लोन, एकाच रेपोचे असूनही, वेगळे असू शकतात. यावर उपाय म्हणून रेपोच्या आतच एक फाईल ठेवता येते, 'डॉट गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स'. कोणती फाईल मजकूर आहे, कोणती नाही, कोणत्या फाईलला कुठला शेवट हवा, हे तिथे लिहायचं. ती फाईल रेपोबरोबर सगळीकडे जाते आणि सेटिंगपेक्षा तिचं वजन जास्त असतं.

रोजच्या कामात भेटणारा गोंधळ तुम्हाला माहीत असेल. शेल स्क्रिप्ट विंडोजवर क्लोन केली, तिथून लिनक्सच्या कंटेनरमध्ये टाकली, आणि चालवल्यावर उत्तर आलं, 'बॅड इंटरप्रिटर'. फाईल समोर दिसतेय, बॅशही आहे, तरी सिस्टिम म्हणते सापडत नाही. कारण पहिल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारा १३ चिकटलाय आणि सिस्टिम त्या शेपटीसकटच्या नावाचा प्रोग्राम शोधतेय. हा गोंधळ त्रास देतो, पण निदान ओरडून सांगतो. आमचा गोंधळ गप्प होता.

आमच्याकडे पॅनेलचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि त्याला संदेश यूटीएफ-१६मध्ये लागतात. प्रत्येक संदेशाची वेगळी फाईल, एकाच ओळीची, शेवटी ओळ संपल्याची खूणसुद्धा नाही. मी लिनक्स लॅपटॉपवर बसून गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ओळ लिहिली : नावात शेवटी 'डॉट टीएक्सटी' असलेल्या सगळ्या फाईल 'टेक्स्ट' समजाव्यात. मला वाटलं, टीएक्सटी म्हणजे टेक्स्टच की. ही चूक माझीच. त्यानंतर कित्येक दिवस काहीच बिघडलं नाही. मग विंडोजच्या बिल्ड मशीनची डिस्क बदलली, आम्ही रेपोचा नवा क्लोन घेतला, आणि 'नका' नाहीसं झालं.

का ते बघू. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक पत्ता आहे. बेंगळुरूत पत्ता 'क्रॉस'ने सांगतात, तसंच समजा. प्रत्येक क्रॉसवर २५६ घरं, शून्यापासून २५५पर्यंत. देवनागरी राहते ९व्या क्रॉसच्या पहिल्या निम्म्या भागात, शून्य ते १२७ क्रमांकाच्या घरांत. यूटीएफ-१६मध्ये आपली मराठी अक्षरं दोन-दोन बाइटमध्ये लिहिली जातात, आणि विंडोजच्या रीतीत आधी घर क्रमांक, मग क्रॉस. 'न' म्हणजे घर ४०, क्रॉस ९. 'क' म्हणजे घर २१, क्रॉस ९.

आणि 'ऊ' कुठे राहतो? घर १०, क्रॉस ९.

दहा. एलएफचा क्रमांक दहाच. फाईल 'टेक्स्ट' आहे असं मीच गिटला बजावून सांगितलं होतं, त्यामुळे गिटने बाइट बघितला, तो १०, म्हणजे ओळ संपली. विंडोजवर ओळीचा शेवट जोडीने हवा, म्हणून त्याने इमानेइतबारे १०च्या आधी एक १३ घुसवला. त्याला 'ऊ' दिसलाच नाही, फक्त आकडा दिसला.

आता 'जवळ जाऊ नका' यातून चालत जाऊ. 'जवळ जा' इथपर्यंत सगळं ठीक. मग 'ऊ'च्या जागी आधी १३ आला. पुढचे सगळे बाइट एक घर सरकले. वाचणारा प्रोग्राम दोन-दोनच्या जोड्या लावतो. त्याला पहिली जोडी मिळाली १३ आणि १०, म्हणजे घर १३, क्रॉस १०. तिथे कुणीच राहत नाही, ते घर रिकामं आहे. पुढच्या जोडीत 'ऊ'चा उरलेला ९ आणि स्पेसचा ३२ एकत्र आले. हा पत्ता बारीकशा मोकळ्या जागेचा आहे. त्यापुढची जोडी शून्य आणि ४०. ब्रेल लिपीतला एकही ठिपका नसलेला रिकामा चौकोन तिथे राहतो. म्हणजे तोही कोराच. मग 'क'चा २१ क्रमांक क्रॉस झाला, आणि तिथे कॅनडातल्या आदिवासी भाषांची एक लिपी राहते. शेवटच्या काण्याचं एक चिनी अक्षर झालं. एक बाइट उरला, त्याला जोडीदारच नाही.

आमच्या पॅनेलच्या फॉन्टमध्ये देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी एवढंच होतं. न सापडलेल्या अक्षराच्या जागी तो चौकोनसुद्धा काढत नव्हता, जागा कोरी सोडत होता. त्यामुळे पडद्यावर उरलं स्वच्छ, वाचता येणारं, उलट अर्थाचं वाक्य : 'जवळ जा'.

तुम्ही म्हणाल, योगायोग. मी म्हणतो, मराठीत हा योगायोग रोजचा आहे. आपल्या भाषेत नकार कसा देतात ते बघा. 'जाऊ नका', 'घेऊ नका', 'लावू नका'. शेवटच्या शब्दात 'वू' आहे, तो वाचला. पण जाऊ, येऊ, घेऊ, देऊ, ठेऊ नव्हे तर 'ठेवू' असं लिहूनही कितीतरी क्रियापदांत सुटा 'ऊ' येतोच, आणि त्याच्या लगेच पुढे 'नका'. सुटा 'ऊ' जिथे मोडतो तिथून पुढचा नकार पुसला जातो आणि मागची आज्ञा शिल्लक राहते.

दुसरी गंमत. एकाच ओळीत दोन 'ऊ' असतील तर दुसऱ्या 'ऊ'च्या आधी पुन्हा एक १३ येतो. दोन बाइट सरकल्यावर जोड्या परत जुळतात. दुसऱ्या 'ऊ'च्या आधी मल्याळममधला 'उ' उगवतो, आणि तिथून पुढे मजकूर पुन्हा शुद्ध मराठी. म्हणजे संदेशाचा मधलाच तुकडा गायब. वरवर चाळणाऱ्याला सुरुवात आणि शेवट बरोबर दिसणार.

मग हे कन्नड संदेशांत का नाही दिसलं? कारण कन्नड राहते १२व्या क्रॉसच्या दुसऱ्या निम्म्या भागात, १२८पासून पुढच्या घरांत. तिथे घर क्रमांक १० किंवा १३ नाहीच, आणि क्रॉसही १२. म्हणून कन्नडचं एकही अक्षर या फासात अडकत नाही. इंग्रजीचंही नाही. आमच्या टेस्टर मंडळींनी कन्नड आणि इंग्रजी मनापासून तपासलं होतं, आणि ते खरंच पास होतं.

भारतीय लिप्यांचे हे विभाग इस्कीच्या क्रमावर बेतलेले आहेत, प्रत्येकी १२८ घरांचे, त्यामुळे सगळ्यांचा 'ऊ' आपापल्या विभागात त्याच जागी येतो. एका क्रॉसवर दोन लिप्या : पहिल्या निम्म्यात देवनागरी, तर दुसऱ्यात बंगाली. तेलुगूचा 'ऊ' घर १०, क्रॉस १२, तो अडकतो. त्याच क्रॉसवरची शेजारीण कन्नड सुटते. मल्याळमचा 'ऊ' घर १०, क्रॉस १३. आणि गुजराती? ती राहते १०व्या क्रॉसवर. म्हणजे गुजरातीचं प्रत्येक अक्षर गिटला ओळीचा शेवट वाटणार. तिथे पहिल्याच अक्षराला सगळं कोसळेल आणि कुणाच्याही लक्षात येईल. मराठीत मात्र बाकी सगळं नीट दिसून एखादीच जागा मोडते, म्हणून मराठीतली चूक जास्त धोक्याची.

आता वळू तपासणीकडे. नेहमीच्या तीन खात्र्या इथे कशा फसल्या ते आधी सांगतो.

पहिली खात्री, 'माझ्याकडे चालतंय'. मी फाईल कमिट केली तेव्हा माझ्या फोल्डरमधली फाईल गिटने बदलली नाही. बदल होतो तो फाईल रेपोतून बाहेर काढताना. म्हणून ज्याने फाईल लिहिली, त्याच्याकडे ती शेवटपर्यंत बरोबर दिसणार.

दुसरी खात्री, 'पुल करून बघितलं'. 'गिट पुल' फक्त बदललेल्या फाईल नव्याने काढतं. तुम्ही गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स बदलली तरी जुन्या संदेशांच्या फाईल जागच्या हलत नाहीत. जुन्या बिल्ड मशीनवर म्हणूनच काही बिघडलं नव्हतं.

तिसरी खात्री, 'गिट स्टेटस स्वच्छ आहे'. मोडलेली फाईल परत आत घेताना गिट १०च्या आधीचा १३ काढून टाकतं, आणि ती रेपोतल्या फाईलशी तंतोतंत जुळते. त्यामुळे गिटच्या दृष्टीने काही बदललेलंच नाही. ज्या दुभाष्याने चूक केली त्यालाच 'भाषांतर बरोबर आहे का' असं विचारल्यासारखं ते झालं.

म्हणून तपासायचा तो कोरा क्लोन. पद्धत साधी आहे, आणि ती लिनक्सवर बसूनही करता येते. 'गिट क्लोन' या आज्ञेला 'उणे सी' जोडून पुढे सेटिंग देता येतं. ते सेटिंग फाईल बाहेर काढण्याच्या आधीच लागू होतं. तर एकाच रेपोचे तीन क्लोन घ्या, तीन रिकाम्या फोल्डरमध्ये. पहिल्याला 'कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ' ट्रू, दुसऱ्याला इनपुट, तिसऱ्याला फॉल्स. मग 'डॉट गिट' हे आतलं फोल्डर वगळून तिन्ही फोल्डरांची 'डिफ'ने तुलना करा. तुमच्या गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये प्रत्येक प्रकारच्या फाईलचा शेवट नक्की केलेला असेल, तर तिन्ही फोल्डर बाइट-अन्-बाइट सारखे यायला हवेत. ज्या फाईलमध्ये फरक येईल, ती फाईल कुणाच्या तरी मशीनवर वेगळी उतरणार. आमची चूक या एका तपासणीत पकडली गेली असती, विंडोज मशीन न लावता. शेवटी एक क्लोन खऱ्या विंडोजवरही घ्याच, कारण तिथले मूळ ठरलेले शेवट वेगळे असतात.

दुसरी तपासणी : 'गिट एलएस-फाइल्स' या आज्ञेला 'ईओएल' हा पर्याय द्या. प्रत्येक फाईलसमोर तीन रकाने येतात : रेपोत शेवट काय आहे, फोल्डरमध्ये काय आहे आणि गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स काय म्हणते. आमच्या फाईलसमोर पहिले दोन रकाने म्हणत होते 'हा मजकूर नाही', आणि तिसरा म्हणत होता 'हा मजकूर आहे'. असा विसंवाद दिसला की थांबा. तिथे तुम्ही गिटचा अंदाज दामटून खोडलेला आहे.

तिसरी तपासणी तर पोरसुद्धा करेल : फाईलचा आकार बघा. 'जवळ जाऊ नका' यात, स्पेस आणि काने धरून, ११ चिन्हं. प्रत्येकी २ बाइट, म्हणजे २२. फाईलच्या सुरुवातीच्या खुणेचे २, एकूण २४. मोडलेली फाईल होती २५ बाइटची. यूटीएफ-१६ फाईलचा आकार विषम असूच शकत नाही. विषम दिसला की मोडली. सम दिसला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. दोन 'ऊ'ची गोष्ट आत्ताच सांगितली.

आणि चाचणीसाठी मजकूर निवडताना 'टेस्ट १, टेस्ट २' लिहू नका. आम्ही आता एक छोटा चाचणी-रेपो ठेवलाय. त्यात एक शेल स्क्रिप्ट, एक बॅच फाईल, एक चित्र, यूटीएफ-८मधली मराठी फाईल, आणि यूटीएफ-१६मधल्या तीन : 'जवळ जाऊ नका', दोन 'ऊ' असलेलं एक वाक्य, आणि एकटा शब्द 'ऊस'. 'ऊस' का? गिटला 'ऑटो' म्हटलं तर ते मजकूर आहे की नाही ते स्वतः ताडतं, आणि शून्य बाइट किंवा न छापता येणारे बाइट दिसले की हात लावत नाही. इंग्रजी अक्षर किंवा स्पेस असली की शून्य बाइट असतोच, त्यामुळे बहुतेक यूटीएफ-१६ फाईल वाचतात. पण 'ऊस' या दोन अक्षरांत असा एकही बाइट नाही. गिटला तो मजकूर वाटतो, आणि ६ बाइटचा 'ऊस' ७ बाइटचा होतो. म्हणजे 'ऑटो'वरही डोळे झाकून भरवसा नाही.

उपाय काय केला? त्याच दिवशी संदेशांच्या फोल्डरला 'उणे टेक्स्ट' लावलं, म्हणजे गिटने तिथे ओळींच्या शेवटांना हात लावायचा नाही. नंतर सगळे संदेश रेपोत यूटीएफ-८मध्ये आणले. यूटीएफ-८मध्ये देवनागरी अक्षराचे तीन बाइट असतात आणि तिन्ही १२८ किंवा त्याहून मोठे. तिथे 'ऊ'च्या पोटात १० सापडतच नाही. विंडोजच्या सॉफ्टवेअरला यूटीएफ-१६ लागतं, त्यासाठी गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये 'वर्किंग-ट्री-एन्कोडिंग' लिहिता येतं. २०१८च्या गिट २.१८पासून ती सोय आहे. बाहेर काढताना गिट आधी ओळींचे शेवट बदलतं, मग यूटीएफ-१६ करतं. क्रम बरोबर, म्हणून फाईलही बरोबर. स्क्रिप्टना 'ईओएल एलएफ', बॅच फाईलना 'ईओएल सीआरएलएफ', चित्रांना 'बायनरी', असं प्रत्येकाचं नाव घेऊन लिहिलं. जुन्या रेपोत आधीच सीआरएलएफसकट शिरलेल्या फाईल असतील तर 'गिट अ‍ॅड'ला 'रीनॉर्मलाइझ' हा पर्याय देऊन त्या एकदा सरळ करून घ्या, आणि तो बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. तीन क्लोनांची तुलना आता प्रत्येक कमिटनंतर आपोआप चालते.

शेवटी कामाचं एकच सांगतो. आपण तपासतो ती प्रत आपली असते. माणसाच्या हातात पडते ती क्लोनमधून निघालेली. त्या दोन्ही सारख्याच आहेत, हे गृहीत धरू नका, मोजून बघा. आणि मोजताना आपल्या भाषेतली खरी वाक्यं वापरा. ज्याने गिट लिहिलं त्याला 'जाऊ नका' माहीत असायचं कारण नाही. मशीनसमोर उभा राहणारा ऑपरेटर मात्र तेच वाचून हात मागे घेणार आहे.

आज रात्री स्वतःच्या एखाद्या रेपोचे तीन क्लोन घेऊन बघा. फरक निघाला तर कुठल्या फाईलमध्ये निघाला, ते मला जरूर कळवा.